घोषालबाबूंच्या हवेतली फांदी

स्वतःच्या मालकीचं झाड असणं म्हणजे काय, हे गुरुदत्त नेरुरकरांना साठी उलटल्यावर कळलं. बँकेत असताना बंगालातल्या बंगालात बदल्या इतक्या झाल्या, की झाडाच्या नावाने त्यांच्या संसारात एक मनीप्लांट तेवढा होता, आणि तोही दर बदलीत ट्रकमध्येच प्राण सोडायचा. निवृत्त झाले तेव्हा मुलगी वैदेही कोलकात्यातच नोकरीला होती. म्हणून त्यांनी बेहाल्यातल्या एका बंद गल्लीत जुन्या घराचा तळमजला घेतला. घराबरोबर अंगण आलं आणि अंगणाबरोबर आंबा.

सुरुवातीला ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन आंब्याखाली उभे राहत आणि मान मागे टाकून वर बघत. एवढं अवाढव्य, जिवंत, दर वर्षी आणखी वाढणारं काहीतरी आपल्या नावावर आहे, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती. मुदत ठेवही वाढते, पण तिच्यात कोकिळा बसत नाही.

"अहो, मान लचकेल," मंजुषाताई खिडकीतून म्हणायच्या.

"मंजू, हा आपला आहे."

"हो. तो काही पळून जात नाही."

झाड पळून गेलं नाही, पण त्याची एक फांदी गेली. ती भिंत ओलांडून थेट शेजारच्या निखिलेश घोषालांच्या स्वयंपाकघरावर जाऊन ओणवी झाली. स्वयंपाकघरावर पत्रे होते आणि पत्र्यांखाली घोषालबाबूंच्या आई असायच्या. अख्खी गल्ली त्यांना मासीमा म्हणे. वय ऐंशीच्या पुढे, अंगकाठी काडीपैलवानाची. पण आपल्या चुलीपाशी त्या दुसऱ्या कोणाला फिरकू देत नसत.

घोषालबाबू शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांची तक्रारही क्रमाक्रमाने, कालखंडांनुसार यायची. दर रविवारी ते भिंतीपाशी उभे राहून सुरू करत, "गुरुदत्तोबाबू, ही फांदी आधी माझ्या पत्र्यापासून हातभर लांब होती. मग वीतभर. आता पानं टेकतात. काळबैशाखी आली, की फांदी पत्र्यावर आणि पत्रा माझ्या आईवर."

काळबैशाखी म्हणजे चैत्र-वैशाखात दुपार कलताना वायव्येकडून चालून येणारं वादळ. नेरुरकरांनी बँकेच्या खिडकीच्या काचेआडून ती बरेचदा पाहिली होती. आंब्याचा मालक म्हणून पाहायची वेळ पहिलीच.

त्यांनी आधी सरळ मार्ग धरला. गल्लीच्या तोंडाशी झाडं तोडणारा एक माणूस चहा प्यायला यायचा, त्याला घरी आणलं. तो बराच वेळ वर बघत राहिला. गल्लीच्या बाजूला झुकलेल्या फांदीवर त्याने थाप मारली आणि म्हणाला, ही पोलादासारखी आहे, हिला हात लावायचा नाही. मग भिंतीपलीकडच्या फांदीकडे बघून मान हलवली, बिडी विझवली आणि म्हणाला, "काल आश्बो." बंगालीत याचा अर्थ उद्या येतो. मराठीत काल म्हणजे जो होऊन गेला तो. तो माणूस मराठी अर्थानेच बोलला असावा, कारण पुढे कधी आला नाही.

अशा अवस्थेत एका संध्याकाळी नेरुरकरांना मोबाइलवर ती दिसली. लांब दांड्याची करवत. पोल सॉ.

परदेशातला एक गुबगुबीत गृहस्थ हिरवळीवर उभा होता. त्याने हातातली दांडी दुर्बिणीसारखी ओढून लांब केली. टोकाला चंद्रकोरीसारखं वळलेलं पातं होतं. ते उंच फांदीवर ठेवून त्याने दोनचारदा मागेपुढे केलं आणि फांदी सौम्यपणे खाली आली. गृहस्थाच्या टोपीला धक्का नाही की शर्टाला घाम नाही. नेरुरकर थक्क झाले. पाय जमिनीवर आणि हात आकाशात! माणसाने आजवर झाडावर चढून हाडं कशासाठी मोडून घेतली, हेच त्यांना कळेना.

"घ्यावी का?" त्यांनी विचारलं.

"घ्या," मंजुषाताई म्हणाल्या.

पण घ्यायची म्हणून लगेच घेणं हे नेरुरकरांच्या रक्तात नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस स्वतःची करवतही छाननीशिवाय मंजूर करत नाही. हाताची घ्यावी की बॅटरीची? दांडी फायबरची की ॲल्युमिनियमची? विजेच्या तारेला लागली तर काय? त्यांनी ग्राहकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एकाने लिहिलं होतं, 'करवत उत्तम. झाड गेलं.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'नवऱ्यासाठी घेतली. आता दोघंही गॅलरीत उभे असतात.' ही बाई मंजुषाताईंच्या ओळखीची निघेल की काय, अशी शंका येऊन नेरुरकरांनी मोबाइल पालथा ठेवला.

मग सल्ले सुरू झाले. कोलकात्यात सल्ला मागावा लागत नाही. गल्लीतल्या क्लबात कॅरमच्या बोर्डाभोवती विषय निघाला आणि सोंगट्या जागच्या जागी थांबल्या. एकाच्या मते करवत जर्मन हवी. दुसऱ्याच्या मते आंब्याला पाडाआधी लोखंड लावलं तर तो रुसतो. तिसऱ्याने या निमित्ताने माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावर बोलायला घेतलं, आणि तो इतकं सुंदर बोलला की करवत बाजूलाच राहिली. नंतर त्यातले चारपाच जण अंगणात पाहणीलाही आले. गल्लीकडची फांदी अगदी निर्धोक आणि भिंतीपलीकडची आजउद्या पडणार, यावर मात्र एकमत झालं. बंगालात पाच माणसांचं एकमत झालेलं नेरुरकरांनी पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे त्यांचा त्यावर पुरता विश्वास बसला.

घोषालबाबूंचं मत सगळ्यांत मौलिक होतं. "फांदी छाटायलाच हवी," ते म्हणाले. "मात्र कैऱ्या उतरेपर्यंत नको. आई त्या फांदीच्या कैऱ्या डाळीत घालते. दुसऱ्या कैऱ्या तिला चालत नाहीत."

"पण घोषालबाबू, वादळ त्याआधी येणार ना?"

"तेच तर म्हणतो मी. काहीतरी लवकर करा."

फांदी छाटायची तर परवानगी लागते, असं कोणीतरी म्हणालं, म्हणून नेरुरकर वॉर्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूंनी फांदीचा फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. मग शांतपणे विचारलं, "झाड तुमचं. मुळं तुमची. खोड तुमचं. पण ही फांदी कोणाच्या हवेत आहे?"

जमिनी, घरं, दागिने, गोदामातला ताग, सगळ्याचं तारण नेरुरकरांनी तपासलं होतं. हवा कोणाची हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. मनातल्या मनात त्यांनी बाबूंना हात जोडले. बाबू म्हणाले, "ज्यांची हवा, त्यांची ना-हरकत आणा."

घोषालबाबूंनी हे ऐकलं आणि छातीवर हात ठेवला. "माझी हरकत मुळीच नाही. पण लिहून देणार नाही. इतिहासात ज्यांनी ज्यांनी लिहून दिलं, त्यांचं काय झालं ते मी पोरांना शिकवलंय."

या कोंडीत शरद चौबळांचा फोन आला. चौबळ सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, राहायला बराकपूरला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली होती. "नेरुरकर, विकत कशाला घेताय न बघता? माझ्याकडे आहे. घेऊन जा, चालवून बघा, आवडली तर घ्या. लग्नात आपण हे करू शकलो नाही, करवतीत करू."

बराकपूरला कर्नलसाहेबांनी आधी प्रात्यक्षिक दिलं. बंगल्यामागच्या गुलमोहराखाली त्यांनी रुमाल अंथरला, दांडी लांब केली, खट्कन कळ दाबून पक्की केली आणि म्हणाले, "फांदी रुमालावर पडेल." करवत खर्र खर्र चालली. फांदी रुमालावर पडली. नेरुरकरांना टाळ्या वाजवायचाही विसर पडला. शिकारीच्या गोष्टी लहानपणी ऐकताना व्हायचं तसं त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले होते.

दांडी मिटवली तरी ती त्यांच्यापेक्षा हातभर उंच होती. पात्याला कर्नलसाहेबांनी जुन्या पोत्याचं टोपरं बांधून दिलं. गाडीत दाराजवळ उभं राहून, 'हे मासे धरायचं आहे का' या प्रश्नाला दर स्टेशनावर नकार देत नेरुरकर सियालदहला उतरले. टॅक्सीवाल्यांनी दांडीकडे पाहिलं, मग नेरुरकरांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. बस तरी मिळेल म्हणून ते खांद्यावर करवत टाकून चौकाकडे निघाले, आणि मागून मिरवणूक आली.

मिरवणूक हा शब्द तोकडा आहे. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरून वाहत होता. गावागावांतून रेल्वेने आलेली माणसं, बायका, म्हातारे, ढोल, शंख. नेरुरकर फुटपाथवर चढेपर्यंत तो लोंढा त्यांच्या दोन्ही बाजूंनी गेला आणि ते मध्ये राहिले. शेजारच्या एका मिशीवाल्याने त्यांच्या हातातली उंच, रिकामी दांडी पाहिली. त्याला ते बघवलं नाही. त्याने आपल्या पिशवीतून झेंडा काढला, नेरुरकरांनी "अहो, ही करवत—" असं म्हणेपर्यंत तो दांडीला बांधलाही, आणि सर्वांत उंच झेंडा म्हणून त्यांना आदराने पुढच्या रांगेत ढकललं. झेंडा कोणत्या पक्षाचा होता, हे नेरुरकरांनी आजतागायत मंजुषाताईंनासुद्धा सांगितलेलं नाही.

"चोलबे ना!" पुढून कोणीतरी ओरडलं.

"चोलबे ना, चोलबे ना!" मागचा समुद्र गर्जला.

चालणार नाही, चालणार नाही. काय चालणार नाही ते नेरुरकरांना माहीत नव्हतं. पण सबंध नोकरीत वरच्या साहेबांना त्यांना हेच म्हणायचं होतं आणि कधी म्हणता आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी त्यांचा ओठ हलला. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज त्यांच्याच कानाला ओळखू येईना. हजारो गळ्यांतून निघालेला तो आवाज छातीत घुमत होता, वर झेंडा फडफडत होता, आणि हमरस्त्यावरची वाहतूक, बसगाड्या, पोलिसांच्या जीप, सगळं त्यांच्यासाठी थांबलं होतं. सभेच्या जागी, धर्मतल्याला पोचेपर्यंत ते पूर्ण भारावले होते. सभा सुरू झाल्यावर त्यांनी झेंडा सोडून मिशीवाल्याला परत केला. त्याने त्यांना मिठी मारली.

घरी आले तर वैदेही दारातच. ती बंगाली शाळांत शिकलेली; मराठी बोलते, पण लिंग आणि वचन तिच्या मर्जीप्रमाणे. "बाबा, तू टीव्हीवर होतास! तुझा करवत पण होता!"

"माझी करवत."

"हो, तीच. घोषालकाकूंनी फोन केला. काका टीव्ही बंद करून आत गेले. बोलले पण नाही कोणाशी."

कारण घोषालबाबू दुसऱ्या बाजूचे होते. जन्मापासून होते, आणि त्यांचे वडीलही होते. रविवार आला आणि भिंतीपाशी कोणी उभं राहिलं नाही. नेरुरकर अंगणात खाकरले, झाडाला पाणी घातलं, पुन्हा खाकरले. शेवटी पलीकडून थंड आवाज आला, "आता तुमच्या पक्षाला विचारूनच छाटा." तक्रार ऐकताना वैतागणाऱ्या नेरुरकरांना ती तक्रार नाहीशी झाल्यावर घर ओकंबोकं वाटू लागलं. शिवाय ज्यांची हवा तेच बोलत नाहीत म्हटल्यावर ना-हरकत कुठली?

निदान सराव करून ठेवावा म्हणून त्यांनी करवत पूर्ण लांब केली. कळ खट्कन बसली. मग ती उघडेना. तेल घातलं, गरम फडकं लावलं, मंजुषाताईंनी लाटणं मारून बघितलं. करवत लांबच राहिली. पावसात गंजेल म्हणून ती घरात घेतली, तेव्हा पातं गॅलरीत, दांडी दिवाणखान्यातून आणि शेपूट स्वयंपाकघरात, अशी ती पसरली. घरात येणाराजाणारा तिला ओलांडून जाऊ लागला. "माहेरी आकडी असायची कैऱ्या काढायला," मंजुषाताई एकदा ओलांडता ओलांडता म्हणाल्या, "पण ती रात्री आमच्यात झोपायला नसे."

असे दिवस चालले होते आणि ती दुपार आली. गल्लीत लग्नाची गडबड होती. अगदी आतल्या टोकाला दत्तांचं घर. त्यांच्या मुलाचं त्या दिवशी लग्न होतं आणि तिन्हीसांजेला नवरदेव निघायचा होता. मुलाचं लाडाचं नाव बाप्पा. बंगालात हे नाव घरोघरी असतं, पण नेरुरकरांच्या घरात "बाप्पा नोकरीला लागला", "बाप्पाला पित्त झालंय" अशा बातम्या आल्या की मंजुषाताईंचा हात नकळत कपाळाकडे जायचा. फुलांनी मढवलेली मोटार सकाळपासून दत्तांच्या दारात उभी होती.

दुपार कलली आणि उजेडाचा रंग बदलला. वायव्येकडून शाईसारखं काहीतरी चढत आलं. पक्षी गप्प झाले. नेरुरकर अंगणात आले आणि वर बघत राहिले. मग वारा आला. तो आला असं म्हणण्यापेक्षा सुटला म्हणावं. एका क्षणात गल्लीतली धूळ, वाळत घातलेल्या साड्या, लग्नाच्या मांडवाचं कापड, सगळं आडवं झालं. सबंध आंबा एका बाजूला वाकला, उठला, पुन्हा वाकला. एखादा महाकाय प्राणी झोपेतून उठून अंग झाडत असावा तसा. भिंतीपलीकडची फांदी घोषालांच्या पत्र्यावर धडका देत होती.

"मासीमा!" नेरुरकर ओरडले. "बाहेर या! फांदी येतेय!"

मासीमा बाहेर आल्या. पण फांदीला भिऊन नव्हे. त्यांच्या हातात टोपली होती. आणि तेव्हा नेरुरकरांना दिसलं, की गल्लीतल्या एकूण एक दारातून माणसं बाहेर पडताहेत. पिशव्या, बादल्या, डोक्यावर पातेली. क्लबातले तत्त्वज्ञ आले. घोषालबाबू धोतर खोचून आले. वादळाने कैऱ्यांचा सडा घातला होता, टपाटप पडतच होत्या, आणि ते सगळे पोक्त, पित्ताचे, रक्तदाबाचे लोक ओरडत, हसत, एकमेकांना ढकलत त्या वेचत होते. मासीमाही भर वादळात उकिडव्या बसून टोपली भरत होत्या. झाड आपलं आहे, हे इतके महिने नेरुरकर स्वतःला सांगत आले होते. ते कोणाकोणाचं आहे, हे त्यांना आज समोर दिसत होतं.

"बाबा, उभा काय राहिलास! पकड ना!" वैदेही ओढणीत कैऱ्या भरत ओरडली. त्यांनी वाकून एक उचलली, आणि तेवढ्यात झाडातून बंदुकीसारखा आवाज झाला.

सगळ्यांनी भिंतीपलीकडे पाहिलं. ती फांदी जागच्या जागी होती. मोडली होती ती दुसरी. पोलादासारखी. पाच बंगाल्यांचं एकमत झालेली. ती आधी थबकली, मग सगळ्यांना बाजूला व्हायला जणू वेळ देत, पानांचा मोठा सुस्कारा टाकत गल्लीत आडवी झाली. कोणाला साधं खरचटलंही नाही. पाठोपाठ पाऊस कोसळला आणि वीज गेली.

पाऊस ओसरला तेव्हा गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फांदी होती. अलीकडे हमरस्ता, पलीकडे बाप्पा.

बाप्पा धोतर नेसून, कपाळावर चंदन, डोक्यावर पांढरा, मुकुटासारखा उंच टोपोर घालून मोटारीशेजारी उभा होता. मुहूर्ताची वेळ जवळ येत होती आणि नवरी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. आग विझवणाऱ्यांना फोन लावले, पण अर्ध्या शहरात झाडं पडली होती. दुसरी गाडी मिळेना. क्लबच्या मंडळींनी फांदी ओढून पाहिली, ती तसूभर हलली नाही. दत्तबाबूंनी कुठूनतरी कोयता आणला, त्याने चार पानं तुटली. नवरदेवाने चालत फांदी ओलांडावी तर त्याच्या आत्याबाईंनी हंबरडा फोडला: पडलेलं झाड ओलांडून लग्नाला? सात जन्मांत नाही!

"करवत!" मंजुषाताई म्हणाल्या. "अहो, घरात एवढी मेली करवत आडवी पडलीय!"

करवत बाहेर आली. तिला बाहेर काढायलाच पाच माणसं लागली. उंच फांद्यांसाठी जन्मलेलं ते हत्यार आता जमिनीवरच्या फांदीला भिडवायचं होतं आणि ते मिटत तर नव्हतं. नेरुरकर चिखलात गुडघे टेकून पात्याशी बसले. मागे दांडी गल्लीभर लांब. एकट्याने ओढली तर शेपूट साप झाल्यासारखी वळवळायची.

मागे कोणीतरी दांडी पकडली. नेरुरकरांनी वळून पाहिलं. घोषालबाबू होते, धोतर खोचलेले, चष्म्यावर पाणी.

"तुमचा पक्ष तुम्हाला करवतही नीट धरायला शिकवत नाही," ते म्हणाले. "ओढा."

त्यांच्यामागे दत्तबाबूंनी धरली. त्यांच्यामागे तत्त्वज्ञाने. मग क्लबातले बाकीचे, वैदेही, मोटारीचा ड्रायव्हर. दांडीवर बोटभर जागा राहिली नाही. मागून कोणीतरी नाव वल्हवताना घालतात तशी हाळी घातली, "हेंइयो!" आणि सगळी रांग एका दमात मागे गेली. "हेंइयो!" पुढे आली. पातं लाकडात शिरलं. ओल्या लाकडाचा भुसा नेरुरकरांच्या तोंडावर उडू लागला, आंब्याच्या चिकाचा वास पसरला. ते फक्त पातं सरळ धरून होते. पण मागची सगळी ताकद त्यांच्या मनगटांतून जात होती, आणि असं काही त्यांनी जन्मात अनुभवलं नव्हतं. पात्याचे दात एकेक करून उडत होते. पातं वाकलं. कोणीच थांबलं नाही. शेवटी कड्कन आवाज झाला आणि अख्खी रांग एकमेकांच्या अंगावर चिखलात पडली.

फांदीचे दोन तुकडे बाजूला ढकलले. मोटारीचे दिवे लागले. टोपोर सांभाळत बाप्पा आत बसला, बायकांनी जिभा हलवत मंगल उलुध्वनी केला, शंख वाजला, आणि चिखलाने माखलेल्या दुतर्फा माणसांमधून फुलांची मोटार हळूहळू निघाली. तो थाट, ते दिवे, पुढे सरकणारी ती फुलं पाहून मंजुषाताईंना राहवलं नाही. त्यांनी हात उंचावला आणि खणखणीत आवाजात आरोळी ठोकली,

"बाप्पा..."

गल्लीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. पण टीव्ही सगळ्यांकडे होता, आणि टीव्हीवर मुंबईचे गणपती.

"मोरया!" सगळे गरजले. घोषालबाबूंचा आवाज सर्वांत मोठा होता. मोटारीच्या खिडकीतून बाप्पाने गोंधळून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नेरुरकरांनी कर्नल चौबळांना फोन केला. सगळं ऐकून कर्नलसाहेब म्हणाले, "असली कामगिरी माझ्या हत्याराच्या नशिबी येताना मी तिथे नको होतो का?" नेरुरकरांनी त्यांच्यासाठी नवी करवत मागवली, अभिप्राय न वाचता. वाकलेली, बोळकी करवत त्यांच्याकडेच राहिली. तेल आणि लाटणं यांनी न उघडलेली कळ चिखलात पडल्यावर आपोआप सैल झाली होती.

त्या संध्याकाळी बाप्पा नवरी घेऊन परतला. मोटार नेरुरकरांच्या भिंतीपाशी आली आणि थांबली. काच खाली झाली. लाल बनारसी नेसलेली, रात्रभर न झोपलेली एक मुलगी मान बाहेर काढून वर बघत होती. घोषालांच्या हवेतल्या त्या फांदीला, एवढं वादळ सोसूनही, एक कैऱ्यांचा घोस लटकत होता.

"हेच ते झाड?" तिने विचारलं. ती उंच इमारतीतल्या घरात वाढली होती. "मला एक मिळेल?"

तिच्या बाजूला आत्याबाई खुसूखुसू हसल्या. नव्या नवरीला पहिल्याच दिवशी कैरीची हौस! घोषालबाबू आपल्या दारात उभे होते. नेरुरकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी हवा त्यांची होती.

"आता बघता काय," घोषालबाबू म्हणाले, "काढा."

नेरुरकरांनी दांडी लांब केली. पात्याला दात नव्हते, त्यामुळे देठ तुटेना. ते मान मागे टाकून, हात ताणून, हळूहळू घासत राहिले. मासीमा खिडकीतून दिशा सांगत होत्या, डावीकडे, अजून डावीकडे. नवरी मोटारीतून उतरली, तिने दोन्ही हातांनी पदर पसरला. वर पानं हलली, देठ सुटला आणि कैरी सरळ तिच्या पदरात पडली.

मंजुषाताई घाईघाईने आत गेल्या आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. तिच्या कपाळाला बोट लावताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "ओटी तर झाडानेच भरली."